पाळी टेलपासून

“ताई, तुमचं टेल कोरडं हाय.”

पाटकरी आबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. राहायला येऊन त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते. नवा माणूस आला की पहिले आठ दिवस तो एकतर घरच्यांच्या आठवणीने गप्प बसतो, नाहीतर आमटीत मीठ कमी म्हणून भांडतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ मात्र पांढरी टोपी, पायजमा आणि हातात बाभळीची काठी अशा थाटात ऑफिसच्या दारात उभे होते आणि टेल म्हणजे काय हे मला कळत नाही याची त्यांना कीव आलेली दिसत होती.

मी हे लिहितेय ते त्यांचं कौतुक करायला नाही. कौतुक पुष्कळांनी केलं, त्यात मीही होते. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि आबा कसे होते ते सांगितल्याशिवाय ती सांगून उपयोग नाही.

न्हावऱ्याच्या अलीकडे, उसाच्या रानांमध्ये, म्हाताऱ्या माणसांसाठी एका बिल्डरने बांधलेल्या वसाहतीत मी सुविधा व्यवस्थापक होते. ए, बी आणि सी अशा तीन इमारती. राहणाऱ्यांना म्हातारे म्हणायचं नाही, ‘मेंबर’ म्हणायचं, असा वरून हुकूम होता. माहितीपत्रकावर लिफ्ट, फिजिओथेरपी, वाचनालय, मंदिर, शिरूरला जायला मिनीबस, दर गुरुवारी डॉक्टर आणि चोवीस तास गरम पाणी असं सगळं रंगीत छापलेलं. त्यातलं गरम पाणी ही शुद्ध थाप होती. सोलरच्या टाक्या ए इमारतीच्या गच्चीवर आणि तिथून एकच पाइप बीला आणि पुढे सीला गेलेला. एमधली हिंडती-फिरती मंडळी पाचला उठून बादल्या भरून ठेवायची. बीला कोमट मिळायचं. सीमध्ये अंथरुणाला खिळलेले, व्हीलचेअरवाले, डोक्यातलं काही काही पुसलं गेलेले मेंबर होते. त्यांच्या नळाला हाडं गोठवणारं पाणी यायचं. तक्रारवहीत मात्र सीची एकही तक्रार नव्हती, कारण ती वही ए इमारतीत टेबलावर असायची आणि तिथवर त्यांना चालता येत नव्हतं.

हे मला दीड वर्षात कळलं नव्हतं. आबांना दोन दिवसांत कळलं. ते पाइपाच्या कडेकडेने सीपर्यंत गेले होते आणि तिथल्या एका आजींच्या पायांवर सकाळी बर्फासारखं पाणी ओतताना त्यांनी आमच्या आयाला पाहिलं होतं.

आबा मूळचे वरवंडचे. कालव्यावर पाटकरी म्हणून त्यांची तीस वर्षं गेली. पाटकरी म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणारा माणूस. कालव्यातून चारी, म्हणजे छोटा पाट, जिथे फुटते ते हेड आणि जिथे जाऊन संपते ते टेल. हेडच्या रानांना पाणी आपोआप मिळतं, टेलच्या रानांपर्यंत ते पोचू द्यावं लागतं. म्हणून पाळी टेलपासून सुरू करायची आणि वर हेडकडे यायचं, हा त्यांचा धर्म. बायको गेलेली, रान महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेलं. एकुलती एक लेक कोरेगाव भीमाला, नवरा तिथल्या कंपनीत, घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना असा की आबांचे गुडघे तो चढू शकत नव्हते. म्हणून ते आमच्याकडे आले. खोली मिळाली ए इमारतीत, तळमजल्यावर, दुसरी. म्हणजे अगदी हेडलाच.

त्यांनी प्लंबरकडून व्हॉल्वची चावी मागून घेतली आणि परत दिलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून साडेपाच ते साडेसहा सी, मग बी, मग ए. ए इमारतीत हलकल्लोळ झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात आले आणि ओरडले, “तुम्हाला कुणी नेमलंय हो?”

आबा शांतपणे म्हणाले, “कुनी न्हाई. साहेब, हेडला असनं काय गुन्हा न्हाई. पन हेडवाल्याला पान्याची किंमत कळत न्हाई. त्येला ते कायम दिसतं ना.”

“मी सत्तर वर्षांचा आहे!”

“मी अठ्ठ्याहत्तरचा हाय. सातला या. कढत देतो.”

आणि सातला दिलं कढत. पाणी पुरत होतं. सगळ्यांना पुरेल एवढं ते आधीही होतंच, हे पाहून साहेब आणखी चिडले. पुढे तेच आबांचे पक्के गडी झाले, पण ‘अहो पाटकरी’ म्हणून खोचक हाक मारायची सवय त्यांनी सोडली नाही, आणि त्या हाकेवरूनच हे नाव पडलं.

एकदा चटक लागल्यावर आबा गरम पाण्यावर थोडेच थांबणार! फिजिओथेरपीवाल्या मुलीची पाळी लागली, पेपरची लागली, मिनीबसमधल्या खिडकीच्या सीटची लागली. ‘पाळी, पाळी’ ऐकून आमच्या नर्सबाया पहिले काही दिवस तोंडाला रुमाल लावून हसल्या. थंडीत अंगणात ऊन यायचं ते सकाळी नऊ ते अकरा, भिंतीलगतच्या एका पट्ट्यात. तिथे चारच खुर्च्या मावत. आबांनी उन्हाचीही पाळी लावली. काठीने जमिनीवर रेघ ओढायचे, सावली रेघेला लागली की म्हणायचे, “उठा मामा, तुमचं रान भिजलं. आता सीच्या काकू येऊ द्या.” आणि मामा उठायचे. मला हे पाहून हसूही यायचं आणि रागही. ज्या माणसांनी आयुष्यभर पोरांना, सुनांना, हाताखालच्यांना उठवलं-बसवलं ती या काठीपुढे मुकाट उठत होती.

स्वतःचा नंबर ते सगळ्यात शेवटी लावायचे. जेवायला शेवटी, पेपर शेवटी, उन्हाला तर कधी बसलेले मला आठवतच नाहीत.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. तीन वर्षांत त्यांनी कुणाच्या खोलीत चहा घेतला नाही. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची नात अमेरिकेहून आलेली असो, आबा दारातूनच हात जोडायचे. लोकांना तो गर्व वाटायचा. एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, “पाटकऱ्यानं ज्या वस्तीवर च्या पेला, त्या वस्तीकडं पानी आपसूक वळतं. त्येला सुदिक कळत न्हाई कवा वळलं ते.” कँटीनमध्ये उभ्याने, एकटे, बशीत ओतून ते चहा प्यायचे. मी तिथून जाताना कधीकधी वाटायचं, जाऊन उभं राहावं शेजारी. पण मला नेहमी कसलं ना कसलं काम असायचं.

मी त्यांना विचारलं होतं की एवढं कशासाठी. ते एका दुपारी, आम्ही दोघं डॉक्टरांची यादी करत बसलो होतो तेव्हा.

“एकदा मोडली हुती मी पाळी,” ते यादीवरची नजर न काढता म्हणाले. “मेव्हन्याचं रान हेडला. उन्हाळी भुईमूग लावला हुता त्येनं. बायको म्हनली, माज्या भावाला एवढं करा. भरदुपारी दिलं सोडून, चार तास. टेलला एका बाईचा कांदा हुता. नवरा न्हाई, दीर लांब. तिची पाळी त्या दिवशी. पानी पोचलंच न्हाई. कालव्याचं पुढचं आवर्तन महिन्यानं.”

“मग?”

“करपला की. ती आली माज्या दारात. करपलेल्या कांद्याची एक पेंडी उंबऱ्यावर ठेवली आन् गेली. बोलली न्हाई काय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई. पुढच्या साली मी तिला दुसऱ्याच्या रानात खुरपताना बघितलं. मला बघून तिनं पदर घेतला डोक्यावरून. लाज मला वाटाया पायजे हुती ना?”

‘जाऊ द्या आबा, जुनी गोष्ट’ असं काहीतरी मी पुटपुटले.

आता डॉक्टरांचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. गुरुवारी शिरूरहून डॉक्टर यायचे, दहा ते बारा. पूर्वी ए इमारतीचे लोक नऊपासून खुर्च्या धरायचे आणि बीपी, झोप, पोट साफ होणं अशा विषयांवर डॉक्टरांशी निवांत गप्पा मारायचे. बारा वाजता डॉक्टर बॅग उचलायचे, सीमध्ये जायचं राहून जायचं. आबांनी तिथेही टेलपासून सुरुवात केली. आधी डॉक्टरांनी सीमध्ये खोलीखोलीत जाऊन यायचं, मग खाली बसून बी, मग ए. दुसऱ्याच आठवड्यात सीमधल्या एका आजींच्या पाठीला झालेली जखम डॉक्टरांना दिसली. आणखी चार दिवस गेले असते तर आजी गेल्या असत्या, असं ते म्हणाले. आजींच्या मुलाने मालकांना फोन करून माझं कौतुक केलं.

माझं. मी ते घेतलं, खोटं कशाला बोलू. मालक खूश झाले आणि पुढच्या माहितीपत्रकात ‘सर्वांना समान सेवा देणारी आमची खास रोटेशन पद्धत’ अशी ओळ आली. मी कुणाला सांगितलं नाही की ही पद्धत वरवंडच्या एका पाटकऱ्याची आहे. आबांना मी ते पत्रक दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “सीच्या जिन्यातला दिवा कवा लावताय?”

मग डॉक्टरांचं शिरूरच्या दवाखान्यातलं काम वाढलं, ते साडेअकरालाच उठायला लागले. शेवटचे दोन-तीन जण राहून जायचे. त्यात आबा नेहमीच. सलग तीन गुरुवार ते खुर्चीवर बसून उठून गेलेले मी पाहिले. मला दिसत होतं की आता टेल तेच झालेत. पण ते तक्रार करत नव्हते, आणि जो तक्रार करत नाही त्याचं काम मागे टाकायची सवय नोकरीने मला लावली होती. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी तीनदा मनात म्हटलं.

चौथ्या गुरुवारी पुण्याहून दोन कुटुंबं जागा पाहायला येणार होती, मालक स्वतः त्यांच्याबरोबर. मी नवी साडी नेसले होते. साडेनऊला सगळे ऑफिसात बसून चहा घेत होते आणि मी सुविधा सांगत होते, तेवढ्यात आबा दारात आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. तीन वर्षांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम होता, आणि बाहेर तर चांगली थंडी होती.

“ताई,” ते हळू म्हणाले, “आज मला जरा मदी घ्याया जमंल का? डाक्टरांना सांगता का? छातीत कसंनुसं व्हतंय.”

माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणायची, आणि ते खरं आहे. समोर पाहुणे, मालक. मला ती संधी वाटली. मी हसत म्हणाले, “अरे वा! पाटकरी आबाच पाळी मोडायला निघाले? मग बाकीच्यांनी काय करायचं?” आणि पाहुण्यांकडे वळून सांगितलं, “हे आमच्या रोटेशनचे पहारेकरी बरं का. यांच्यापुढे मंत्र्याचीही वशिलेबाजी चालायची नाही.”

पाहुणे हसले. मालकही हसले. एक बाई म्हणाल्या, “हाऊ स्वीट.”

आबाही हसले थोडेसे. “व्हय, ते बी खरंच,” म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

छातीत कसंनुसं होतंय, हे मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं. पाहुण्यांना जेवणघर दाखवून झालं की जाते, असं ठरवलं. जेवणघरानंतर वाचनालय आलं, मग मंदिर, मग गच्चीवरून दिसणारी उसाची रानं. पाहुण्यांपैकी एकाने सोलरचं विचारलं आणि मी त्याला पाण्याची पाळी कशी चालते ते रंगवून सांगितलं. खाली डॉक्टर सी उरकून आले होते. आबा ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले होते. बँकेतल्या साहेबांनी मला नंतर सांगितलं, स्वतःची पाळी आली तेव्हा आबांचा चेहरा पाहून ते म्हणाले, “आबा, तुम्ही जा माझ्याऐवजी.” आबांनी मान हलवली. म्हणाले, “नगं. एकदा विचारून बघितलं मी. चालू द्या तुमचं.”

साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी मला विचारलं, कुणाला विचारलं होतं हो आबांनी? मी म्हणाले, मला माहीत नाही.

साडेअकराला डॉक्टर हात पुसत बाहेर आले. आबा भिंतीला डोकं टेकून बसलेले, डोळे मिटलेले. डॉक्टरांना वाटलं, झोपलेत. हाक मारली, मग खांद्याला हात लावला, मग माझ्या नावाने ओरडले. मी गच्चीवरून कशी खाली आले मला आठवत नाही. साडीचा काठ चपलेत अडकून फाटला तेवढं आठवतं. त्यांचा हात अजून गरम होता. डॉक्टरांनी खाली जमिनीवर घेऊन छाती दाबली, बराच वेळ दाबली. मग ते उठले.

“यांना सकाळीच त्रास झाला असणार,” ते म्हणाले. “कुणाला काही बोलले नाहीत का? वेळेवर कळलं असतं तर शिरूरला नेता आलं असतं. अर्धा तास लागतो.”

मी म्हणाले, “फार अबोल होते हो ते.”

मालकांनी पाहुण्यांना मागच्या दाराने गाडीत बसवलं होतं.

लेक दुपारी आली, नवऱ्याच्या मोटारसायकलवर. ती आबांसारखीच, उंच आणि कोरड्या चेहऱ्याची. आधी रडली नाही. वडिलांच्या पायाशी बसून तिने त्यांचे तळवे चोळले, जसे जिवंत माणसाचे चोळतात तसे. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “काय म्हनले का हो ताई? शेवटाला कुनाला काय मागितलं का? पानी, काय?”

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

“नाही,” मी म्हणाले. “काहीच मागितलं नाही त्यांनी.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला आणि तेव्हा ती रडली. रडता रडता म्हणाली, “मला वाटलंच. जन्मात कुनाम्होरं हात पसरला न्हाई माज्या बापानं.”

दशक्रियेला मी मिनीबस घेऊन वरवंडला गेले. चालू शकणारे सगळे मेंबर आले होते. सीमधलं कुणी येऊ शकत नव्हतं, पण त्या जखमवाल्या आजींनी माझ्याकडे तुळशीची एक माळ दिली होती. घाटावर गावची माणसं, भाऊबंद, कालव्यावरचे जुने सोबती, टेलच्या रानांचे शेतकरी, चार-पाचशे लोक असतील. पिंड ठेवला. लोक सावरून बसले, कारण कधीकधी तासन्‌तास कावळा शिवत नाही, गेलेल्याचं काय राहिलंय ते आठवून आठवून बोलावं लागतं. इथे मात्र पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला आणि शिवला. गर्दीतून समाधानाचा एक आवाज उठला. शेजारचा म्हातारा म्हणाला, “कशात जीव न्हवता हो त्येंचा. काय मागनं राह्यलंच न्हवतं.”

मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. निवेदकाने माझं नाव घेतलं. लेकीने पुढून मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मी उठून माइकपाशी गेले. पाचशे माणसं होती, त्यात टेलचीही माणसं होती. मी मनाशी म्हटलं, सांग आता, इथे सांगितलंस तर सुटशील.

“आबांनी आम्हाला पाळी शिकवली,” मी म्हणाले. “तीन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी कधीही, कुणाकडेही, काहीही मागितलं नाही.”

लोकांनी माना हलवल्या. काही बायांनी पदर डोळ्याला लावला. मी खाली आले तेव्हा लेक उठून पुढे आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “ताई, आम्ही कुनीच न्हवतो. पन तुमी हुता तिथं, एवढं तरी बरं झालं.”